डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा

— ऊस विकास अधिकारी



या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, पाचट, खोडव्याचा खताचा हप्ता, नाहीतर हुमणी याविषयी लिहीत असतो. आज विषय जरा आडवाटेचा घेतला आहे. त्याला कारण आमचीच एक चूक झाली, आणि तीच चूक आपल्यापैकी पुष्कळजण रोज करीत असतील असे आम्हांस वाटते. ज्यांच्या दारात गेल्या चार-पाच वर्षांत नवी मोटार आली आहे त्यांनी हा लेख जरूर वाचावा. ज्यांच्याकडे मोटार नाही, पण ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा टायरगाडी आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावा.

हंगाम भरात होता. जानेवारीची थंडी. पहाटे पाचला घर सोडायचे, गाडीतळावरची रांग बघायची, कोणत्या गटात तोड कमी पडली ते विचारायचे आणि उजाडायच्या आत फडावर पोहोचायचे, असा आमचा क्रम चालू होता. एके दिवशी पहाटे गाडी थोडी पुढे गेली आणि समोरच्या काट्यांच्या खाली एक पिवळा दिवा लागला. घोड्याच्या नालासारखी आकृती आणि तिच्या पोटात उद्गारचिन्ह. गाडी विकत घेताना शोरूममधल्या मुलाने त्याविषयी काहीतरी सांगितले होते, पण त्या वेळी आमचे लक्ष पेढ्यांकडे होते. दिवा हवेचा आहे एवढे मात्र आठवत होते. उतरून चारी चाकांना लाथा मारून पाहिल्या. कोठे काही बसलेले दिसले नाही.

अकराच्या सुमारास दिवा आपोआप गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा लागला, ऊन चढल्यावर पुन्हा गेला. आमच्या गटातला चिटबॉय म्हणाला, "सायेब, थंडीनं लागतोय त्यो. आमच्या पाव्हण्यांच्या गाडीत बी पहाटंचा लागतोय, दुपारी जातोय. काय होत न्हाई." आम्हांला हे पटले, कारण पटवून घेणे सोयीचे होते. हवा भरायला थांबायचे म्हणजे अर्धा तास जातो आणि हंगामात अर्धा तास कोणाकडे असतो?

सहाव्या दिवशी रविवार होता. घरच्या मंडळींना घेऊन एका लग्नाला जिल्ह्याच्या गावी निघालो. दिवा लागलेलाच होता आणि त्या दिवशी तो दुपार झाली तरी गेला नाही. चौपदरी रस्त्याला लागल्यावर गाडी ऐंशीच्या वेगाने चालली होती. मागे बसलेली आमची धाकटी म्हणाली, "बाबा, रबर जळल्यासारखा वास येतोय." तोवर गाडी डावीकडे ओढू लागली होती. थांबून पाहिले तर मागचे डावे चाक पूर्ण बसलेले आणि टायरला हात लावता येत नव्हता इतका तापलेला. स्टेपनी लावून पुढच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने टायर रिमवरून उतरवला, तेव्हा आतून ओंजळभर रबराचा भुगा पडला. टायरची बाजूची भिंत आतल्या आत दळली गेली होती. पंक्चरवाल्याने बोटभर लांबीची एक लोखंडी पिन काढून आमच्या हातावर ठेवली. उसाच्या ट्रॉलीच्या फाळक्याला असते तसली. म्हणजे आमच्याच गाडीतळावरची.

तो म्हणाला, "सायेब, नुसतं पंक्चर हुतं. त्याच दिवशी आला असता तर शे-दीडशात काम भागलं असतं. आता ह्यो टायर गाडीला चालत न्हाई, पोरास्नी झोपाळा बांधायला न्या."

चिटबॉयचे म्हणणे चूक नव्हते, अर्धवट होते. थंडीने दिवा लागतो हे खरे. पण थंडीने तो कोणत्या टायरमुळे लागतो आणि कोणत्या टायरमुळे लागत नाही, हे आम्ही विचारलेच नाही. त्या दिवसानंतर आम्ही गाडीबरोबर मिळालेले पुस्तक काढले, सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाला गाठले आणि हा दिवा कसा चालतो ते समजून घेतले. ते असे.

भार टायर घेत नाही, हवा घेते

आपल्याकडे टायरमधली हवा 'पौंडात' सांगतात. ३३ पौंड हवा म्हणजे टायरच्या आतल्या प्रत्येक चौरस इंचावर ३३ पौंडांचा दाब. किलोत मांडायचे तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलो. समजा, माणसांसह गाडीचे वजन १२०० किलो आहे. म्हणजे प्रत्येक चाकावर ३०० किलो आले. ३०० ला २.३ ने भागा. १३० चौरस सेंटिमीटर येतात. ढोबळ मानाने एवढीच जागा प्रत्येक टायर रस्त्यावर टेकवतो, म्हणजे आपल्या पसरलेल्या तळव्याएवढी. चार तळव्यांवर सगळा संसार चाललेला असतो.

हवा कमी झाली की तेवढेच वजन पेलायला टायरला जास्त जागा टेकवावी लागते. म्हणजे तो बसतो आणि त्याच्या बाजूच्या भिंती फुगतात. चाकाची प्रत्येक फेरी म्हणजे भिंतीचे एकदा दुमडणे व एकदा सरळ होणे. लोखंडी तार हाताने तोडायची असली की आपण ती मागेपुढे वाकवत राहतो. थोड्या वेळाने ती जागा तापते आणि तार तुटते. टायरचे तसेच होते. ऐंशीच्या वेगाला चाक सेकंदाला अकरा फेऱ्या घेते. मिनिटाला साडेसहाशेच्या वर वेळा ती भिंत दुमडते. आतली उष्णता बाहेर पडायला वाव मिळत नाही, रबर आणि आतल्या दोऱ्या-तारांचे थर यांची पकड सुटू लागते आणि मग टायर फुटतो किंवा वरची सालपट निघून येते. उन्हाळ्यात टायर फुटला की लोक म्हणतात, हवा जास्त झाली होती. तसे क्वचित होतही असेल. पण बहुधा हवा कमी असल्यानेच टायर तापलेला असतो, हे ध्यानात घ्यावे.

पहाटे लागतो, दुपारी जातो

आता चिटबॉयच्या म्हणण्याकडे येऊ. थंडीने हवा आकसते आणि दाब उतरतो. मोटारीच्या टायरपुरता हिशेब असा की, दर ६ अंशांच्या फरकाला साधारण १ पौंड. आपल्याकडे जानेवारीत दुपारी ३२ अंश आणि पहाटे १० अंश असे काही दिवस असतात. फरक २२ अंशांचा, म्हणजे साडेतीन पौंडांचा.

दिवा किती हवेला लागतो? हे गाडीप्रमाणे बदलते. अमेरिकेतला नियम असा आहे की, कंपनीने ठरवलेल्या दाबापेक्षा शेकडा २५ ने हवा कमी झाली की दिवा लागलाच पाहिजे. ३३ पौंडांचा टायर असेल तर २५ पौंडांच्या आत आला की. युरोपात शेकडा २० चा हिशेब आहे, म्हणजे साडेसव्वीस पौंडांच्या आसपास.

आता बघा. ज्याने दुपारी ३३ पौंड हवा भरली आहे, त्याचा टायर पहाटे साडेएकोणतीसवर येईल. दिवा लागणार नाही. पण ज्याने तीन महिने हवाच पाहिली नाही त्याचे काय? चांगल्या, बिनपंक्चरच्या टायरमधूनसुद्धा महिन्याला एक-दोन पौंड हवा रबरातून झिरपून जाते. त्याचा टायर दुपारी २८ वर असेल तर पहाटे साडेचोवीसवर उतरेल आणि दिवा लागेल. दुपारी पुन्हा २८. दिवा जाईल. मालकाला वाटेल, थंडीचा खेळ आहे. खरे म्हणजे तो टायर कित्येक दिवसांपासून काठावर उभा असतो, आणि थंडीने फक्त ते उघडे पाडलेले असते.

आमच्या टायरमध्ये तर पिन होती. ती भोकात घट्ट बसल्यामुळे हवा हळूहळू जात होती. पहिले पाच दिवस दिवा आम्हांला पहाटे सांगत होता. सहाव्या दिवशी तो दुपारीही सांगू लागला आणि आम्ही लग्नाच्या गडबडीत होतो.

दुसरी गोष्ट यातच आली. दिवा लागेपर्यंत टायरमधली पाव हवा गेलेली असते. शंभर टन उतारा येणाऱ्या फडात पंचाहत्तर टनांवर आल्याशिवाय शेतकीवाल्याने तोंडच उघडायचे नाही, असे ठरवल्यासारखे आहे हे. त्यामुळे दिवा नाही म्हणजे हवा बरोबर आहे, असा अर्थ कोणी काढू नये.

चाकाच्या आत बसलेला पहारेकरी

ही हवा मोजतात कशी? त्याच्या दोन पद्धती आहेत. सभासदांपैकी कोणाकडे कोणती आहे हे गाडीच्या पुस्तकात सापडते. पण सोपी खूण अशी की, समोरच्या पडद्यावर चारी चाकांचे पौंड वेगवेगळे दिसत असतील तर ती पहिली पद्धत.

या पद्धतीत प्रत्येक चाकाच्या आत, आपण जिथून हवा भरतो त्या नोझलच्या मुळाशी, काडेपेटीहून लहान अशी एक बंद डबी असते. तिला सेन्सर म्हणतात. वजन ३० ग्रॅमच्या आसपास. तिच्या पोटात सिलिकॉनचा एक अतिपातळ पडदा असतो. हवेच्या दाबाने तो वाकतो, जितका वाकेल तितका त्याचा विजेला होणारा अडथळा बदलतो आणि त्यावरून दाब कळतो. शेजारी तापमान मोजायची सोय असते. तिसरा भाग आहे बिनतारी संदेश पाठवण्याचा. मोबाईलला लागतो तसा टॉवर याला लागत नाही. गाडीतल्या गाडीत, फार तर काही मीटरवर, संदेश जातो. युरोपात आणि आपल्याकडे यासाठी बहुधा ४३३ मेगाहर्ट्झ आणि अमेरिकेत ३१५ मेगाहर्ट्झ ही लहर वापरतात. प्रत्येक डबीचा स्वतःचा नंबर असतो आणि तो संदेशाबरोबर जातो, म्हणून शेजारून जाणाऱ्या गाडीच्या टायरचा निरोप आपल्या गाडीला लागू होत नाही. आपल्या काट्यावर गाडीच्या स्लिपवर सभासदाचा कोड असतो, तसाच हा प्रकार.

डबीला वीज एका लहानशा लिथियमच्या सेलमधून मिळते आणि हा सेल बदलता येत नाही; तो डबीतच पक्का बंद केलेला असतो. साधारण सात ते दहा वर्षे चालतो आणि मग डबीच बदलावी लागते. इतकी वर्षे तो पुरतो कसा, याचे उत्तर आम्हांला फार आवडले. गाडी उभी असताना डबी बहुतेक झोपलेली असते. चाक फिरू लागले की तिला जाग येते आणि साधारण मिनिटा-मिनिटाला ती एक निरोप पाठवते. हवा झपाट्याने उतरू लागली तर मात्र लागोपाठ पाठवते.

जाग येते कशी? ज्वारी राखताना ज्यांनी गोफण फिरवली आहे त्यांना हे सांगायला नको. गोफण फिरली की दगड बाहेर ओढ घेतो, तशीच ही डबी चाकाबरोबर फिरताना बाहेर ओढली जाते. तिच्यात ही ओढ ओळखणारा एक भाग असतो. ओढ किती मोठी असते याचा हिशेब आम्ही करून पाहिला. ऐंशीच्या वेगाला ती ३० ग्रॅमची डबी रिमच्या कडेला जणू तीन किलोची झालेली असते. असे असताना ती वर्षानुवर्षे टिकते, याचे कौतुक वाटते.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. पंपावर हवा भरली आणि दिवा तसाच राहिला म्हणून पंपवाल्याशी भांडू नये. पुष्कळ गाड्यांत थोडे अंतर चालवल्यावर, डबीचा नवा निरोप पोहोचल्यावरच दिवा जातो.

फेऱ्या मोजणारी पद्धत

दुसऱ्या पद्धतीत चाकात काहीच नसते. ब्रेक दाबल्यावर चाक घसरू नये म्हणून गाडीला ए.बी.एस. नावाची यंत्रणा असते. आपल्या देशात एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. तिच्यासाठी प्रत्येक चाकापाशी फेऱ्या मोजणारा एक भाग लावलेलाच असतो. त्याच मोजणीचा उपयोग हवेसाठी करून घेतात.

तत्त्व बैलगाडीचेच आहे. लहान चाकाची गाडी आणि मोठ्या चाकाची गाडी गावापासून कारखान्यापर्यंत आली, तर लहान चाकाच्या फेऱ्या जास्त होणार. हवा कमी झालेला टायर थोडा बसतो, म्हणजे चाक किंचित लहान होते आणि बाकी तिघांपेक्षा जास्त फिरते. नेहमीच्या लहान मोटारीचे चाक किलोमीटरला पाचशेच्या थोड्या वर फेऱ्या घेते, आणि हवा कमी झाल्यावर त्यात दोन-चार फेऱ्यांचाच फरक पडतो. तो पकडायला गाडीच्या संगणकाला काही वेळ सरळ रस्त्यावर मोजणी करावी लागते, कारण वळणावर बाहेरचे चाक तसेही जास्त फिरते. काही गाड्यांत फेऱ्यांबरोबर चाकाच्या बारीक कंपनांचाही अंदाज घेतात.

ही पद्धत स्वस्त आहे, सेल संपायची भानगड नाही. पण तिच्यात दोन उण्या बाजू आहेत. किती पौंड हवा आहे हे ती सांगू शकत नाही. फक्त 'काहीतरी बदलले' एवढेच सांगते. आणि ती तुलना करणारी असल्याने चारी टायर सारखेच हळूहळू उतरले तर तिच्या, विशेषतः जुन्या पद्धतीच्या, लक्षात येईलच असे नाही. चारही भाऊ सारखेच वाळले तर कोण आजारी आहे हे आईला कळायला वेळ लागतो, तसेच म्हणा.

या गाड्यांत हवा भरल्यावर एक बटण दाबून किंवा पडद्यावर जाऊन 'आता आहे ती हवा बरोबर' असे गाडीला शिकवावे लागते. आमच्या ओळखीच्या एका सभासदांनी दिवा लागला म्हणून हवा न भरताच ते बटण दाबले. दिवा गेला. गाडीने कमी हवाच बरोबर धरली. तात्यांना आम्ही म्हणालो, "तात्या, हे म्हणजे काट्यावर गाडी कमी भरली म्हणून काट्याचा शून्य सरकवल्यासारखं झालं." तात्यांना काट्याचा दाखला लगेच समजला.

सक्ती आली ती माणसे गेल्यावर

पोर्श कंपनीने १९८६ साली ९५९ नावाच्या मोटारीत हवा सांगणारी यंत्रणा बसवली होती, पण ती श्रीमंतांची हौस होती. सामान्य गाड्यांत ती सक्तीने आली ती अमेरिकेत, आणि त्यामागे मोठी दुःखद हकिगत आहे.

फोर्ड कंपनीची एक्सप्लोरर नावाची उंच गाडी तेथे फार खपत होती. तिला फायरस्टोन कंपनीचे टायर होते. उन्हाळ्यात, लांबच्या रस्त्यावर, भरलेल्या गाडीच्या टायरची वरची सालपट अचानक सुटून यायची आणि गाडी उलटायची. ऑगस्ट २००० मध्ये कंपनीने ६५ लाख टायर परत मागवले. या अपघातांशी जोडल्या गेलेल्या मृत्यूंची संख्या तेथील सरकारी वाहतूक सुरक्षा खात्याच्या नोंदीत २७१ वर गेली. टायर सदोष की गाडी सदोष यावर दोन्ही कंपन्यांची चांगलीच जुंपली. त्या वादातला एक मुद्दा आपल्या विषयाचा आहे. फोर्डने या गाडीसाठी २६ पौंड हवा सांगितली होती, आणि फायरस्टोनचे म्हणणे पडले की ३० हवी. २६ वरून आणखी चार-पाच पौंड झिरपून गेले की टायरजवळ काही शिल्लकच राहत नाही. बाहेरून बघणाऱ्याला ते कळत नाही, कारण आताचे रेडियल टायर पूर्ण हवेतही थोडे फुगलेलेच दिसतात.

१ नोव्हेंबर २००० रोजी तेथे कायदा झाला आणि टायरमधली हवा कमी झाल्याचे चालकाला कळलेच पाहिजे, असे ठरले. मग कोणती पद्धत चालेल यावर वाद, कोर्टकचेरी होऊन २००५ साली शेवटचा नियम निघाला. एक टायर असो की चारी, पाव हवा गेली की वीस मिनिटांच्या आत दिवा लागला पाहिजे. सप्टेंबर २००७ पासून तेथे सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना हे लागू झाले. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून सगळ्या नव्या मोटारींना ही सक्ती आहे.

आपल्याकडे २०२० साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली, ती मात्र वेगळ्या बाजूने आली. साडेतीन टनांपर्यंतच्या, चालकासह नऊ माणसांपर्यंतच्या गाडीत ही हवा सांगणारी यंत्रणा आणि टायर दुरुस्तीचा संच असेल, तर कंपनीने जादा चाक दिलेच पाहिजे असे नाही. तेव्हा नवी गाडी घेताना डिकी उघडून स्टेपनी आहे की नुसती द्रवाची बाटली व छोटा पंप आहे ते पाहून घ्यावे. ती बाटली खिळ्याच्या भोकाला चालते. आमच्यासारखी भिंत दळली गेली असेल तर तिचा काही उपयोग नाही. शिवाय काही प्रकारचा द्रव सेन्सरचे भोक बुजवतो, हेही तेथल्या माणसाने आम्हांला सांगितले. (जाता जाता: 'स्टेपनी' हा शब्द वेल्समधल्या लॅनेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला. तेथे १९०४ साली डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकायला काढले. तिकडे तो शब्द मागे पडला, आपल्या पंक्चरवाल्यांनी जपून ठेवला.)

दिव्याची भाषा

दिवा लागला आणि लागूनच राहिला, तर एक तरी टायर कमी आहे. वेग उतरवावा, झटक्याने ब्रेक किंवा वळण घेऊ नये, सोयीच्या जागी बाजूला घेऊन उतरून पाहावे. दिवा आधी मिनिटभर लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर हवा नव्हे, यंत्रणाच बिघडली आहे. एखाद्या डबीचा सेल संपला असेल, किंवा टायर बदलताना डबी मोडली असेल. ही गोष्ट खेड्यातल्या दुकानात वरचेवर होते, कारण पंक्चरवाल्याला आत डबी आहे याची कल्पना नसते आणि तो नेहमीप्रमाणे नोझलजवळच टॉमी घालतो. एका सभासदांचा काही हजारांचा सेन्सर असा गेला. टायर उतरवण्यापूर्वी 'आत सेन्सर हाय, नोझलपासनं लांब टॉमी घाल' एवढे सांगावे. नोझलवरची टोपी प्लॅस्टिकचीच ठेवावी. बाजारात चकचकीत धातूच्या टोप्या मिळतात, त्या काही दिवसांनी गंजून नोझलला धरून बसतात आणि काढताना नोझलच मोडते.

हवा किती भरायची हा आकडा टायरवर शोधू नये. टायरवर छापलेला असतो तो जास्तीत जास्त सोसण्याचा दाब. भरायचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, रिकाम्या आणि भरल्या गाडीचा वेगवेगळा. मोजायची ती सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी. चालून तापलेल्या टायरमध्ये तीन-चार पौंड जास्त दिसतात, म्हणून तेवढी सोडून देणारेही आम्ही पाहिले आहेत. गार झाल्यावर तो टायर तितकाच कमी पडतो. नायट्रोजन भरण्याविषयी काहीजण विचारतात. साध्या हवेत शेकडा ७८ भाग नायट्रोजनच असतो. पैसे देऊन उरलेला भरायचा तर भरा, पण मोजणे त्यामुळे चुकत नाही.

ज्यांना दिवाच नाही

हे सगळे मोटारीचे झाले. पण आपल्या कारखान्याच्या रस्त्यावर हंगामात जी वाहने रात्रंदिवस चालतात, त्यातल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना आणि टायरगाड्यांना कसला दिवा? ट्रॉलीचा टायर बहुधा जुन्या ट्रकचा, पुन्हा पट्टी चढवलेला. त्याच्यावर भरलेला ऊस. ड्रायव्हर टॉमीने टायरवर ठोका मारतो आणि आवाजावरून ठरवतो. ठोक्याने साफ बसलेला टायर ओळखता येतो. पाव हवा गेलेला ओळखता येत नाही. आम्ही गाडीतळावर ठोके मारणाऱ्या चार जुन्या ड्रायव्हरांना विचारले आणि मग गेज लावला. दोघांचा अंदाज बराच चुकला. जोडचाक असेल तर आणखी पंचाईत. आतला टायर उतरलेला असला तरी बाहेरचा ट्रॉली उभी धरतो, कोणाला काही दिसत नाही, आणि मग दोघांचा भार एकट्याने वाहून तो रात्री दोन वाजता कुठेतरी उताराला फुटतो.

फुटल्यावर काय होते ते आपण सगळे जाणतो. रस्त्याच्या अर्ध्यात अंधारात उभी ट्रॉली, मागे परावर्तक पट्टी नाही किंवा उसाच्या वाढ्यांनी झाकलेली, आणि मागून दूध घालून घरी येणारा एखादा मोटारसायकलवाला. याविषयी आम्ही जास्त लिहीत नाही. ज्या घरांत हे घडले आहे त्यांपैकी काही घरे आपल्याच सभासदांची आहेत.

अलीकडे नोझलवर टोपीसारखे फिरवून बसवायचे सेन्सर बाजारात मिळू लागले आहेत, त्यांचा छोटा पडदा ड्रायव्हरसमोर लावता येतो. तत्त्व तेच, फक्त डबी आत नसून बाहेर. ज्यांना परवडेल त्यांनी ट्रॉलीला बसवून पाहायला हरकत नाही. मात्र लांब ट्रॉलीच्या मागच्या चाकाचा निरोप पुढे पोहोचतो का, हे घेण्यापूर्वी तपासावे. आणि रात्री गाडीतळावर ते जागेवर राहतील का, हा प्रश्न निराळा.

तोपर्यंत साधा गेज पुरेसा आहे. प्रत्येक गट कार्यालयात तो ठेवण्याची व्यवस्था शेतकी खात्याने केली आहे. फेरी सुरू करण्यापूर्वी, टायर गार असताना, चिटबॉयकडून मागून घ्यावा आणि काम झाल्यावर परत द्यावा. जोडचाकाच्या आतल्या नोझलपर्यंत पोहोचणारा लांब तोंडाचा गेज सध्या फक्त मुख्य कार्यालयात आहे. ट्रॅक्टरच्या मोठ्या टायरचा हिशेब वेगळा असतो; शेतात कमी आणि रस्त्यावर जास्त हवा लागते, आणि शेतात जास्त हवा ठेवून फिरल्याने खोडव्याची सरी कशी दगडासारखी होते, हा आमच्या खात्याचा जिव्हाळ्याचा विषय पुढे स्वतंत्रपणे मांडू.

आमच्या गाडीला नवा टायर बसला. परवा पहाटे दिवा पुन्हा लागला. या वेळी आम्ही पाटाच्या पुलाजवळच थांबलो, बॅटरीच्या उजेडात चारी चाके मोजली. पुढच्या उजव्यात २४ पौंड. बाकी तिन्ही ठीक. मग सहज म्हणून डिकी उघडून स्टेपनीला गेज लावला. तिच्यात सेन्सर नसतो, तिची हवा कोणताच दिवा सांगत नाही. १२ पौंड निघाली.